टाचेची पुडी

दिपाली सोनकांबळे सकाळी पलंगावरून उतरायची ती भिंतीला हात लावून. उजवी टाच फरशीला टेकली की कुणीतरी खालून दाभण खुपसावं तशी कळ पोटरीपर्यंत चढायची. मग ती दात आवळून तशीच उभी राहायची, चवड्यावर चार पावलं टाकायची, आणि न्हाणीपर्यंत पोचेस्तोवर टाच जरा ढिली पडायची. दिवस चालू झाला की दुखणं मागं सरायचं, पण जायचं नाही. कुठं घटकाभर बसून उठलं की पुन्हा तेच. रविवारी विहारात वंदना झाली की बायका उठून बाहेर निघायच्या आणि दिपाली मात्र गार फरशीवर खांब धरून उभी. लोक समजायचे, ताई अजून ध्यानातच आहे.

ती कंधारच्या एसटीत कंडक्टर होती. कंधार-लातूर गाडी, लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर करत जाणारी. कंडक्टरला सीट असते, पण बसायला सवड नसते. खड्ड्यात गाडी आदळली की सगळा भार टाचेवर यायचा आणि डोळ्यांत पाणी. चेहरा तसाच ठेवून ती सुटे पैसे मोजायची.

नांदेडच्या हाडांच्या डॉक्टरनं नीट तपासलं होतं. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याला एक जाड पट्टा असतो, तो सुजलाय, असं त्यानं कागदावर चित्र काढून सांगितलं. पलंगावरून उतरायच्या आधी टॉवेल चवड्याला अडकवून पाय आपल्याकडं ओढा. भिंतीला हात लावून पोटरी ताणा. पाण्याची बाटली बर्फ करून तळव्याखाली फिरवा. घरातसुद्धा अनवाणी चालू नका, मऊ टाचेची चप्पल घाला. उभं राहणं कमी करा. "बरं होईल," तो म्हणाला, "पण महिने लागतील. घाई करू नका."

दिपालीनं आठवडाभर सगळं केलं. तिचा नवरा आनंदराज, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, सकाळी स्वतः टॉवेल हातात आणून द्यायचा. पण टाच काही ऐकेना. डेपोत टेबलाचं काम मागायला गेली तर तिच्या आधी मागणाऱ्या बायका होत्या, आणि त्यांची दुखणी तिच्याहून मोठी होती. ती अर्ज न देताच परत आली.

"डॉक्टर महिने म्हणाले ना? मग महिने," आनंदराज म्हणाला.

"दुखणं माझ्या टाचेत हाय," दिपाली म्हणाली. "तुम्हाला बोलाय काय जातं?"

टॉवेल खुंटीवर गेला तो तिथंच राहिला.

तिच्या गाडीचा ड्रायव्हर खाजाभाई. निवृत्तीला आलेला, कमी बोलणारा माणूस. एक दिवस लातूरच्या स्टँडवर ती पायरीवरून उतरताना दांड्याला लटकल्यासारखी उतरली, तेव्हा तो म्हणाला, "ताई, एक बात सांगू का? आमच्या भाभीची कंबर धरली होती. उठता येत नव्हतं. शिरूर अनंतपाळकडं एक अप्पा हाय, मल्लिनाथ अप्पा. त्याची पुडी घेतली न् चौथ्या दिवशी भाभी दळण घेऊन गिरणीत. खुदा जाणे काय देतो, पण देतो."

सुट्टीच्या दिवशी ती एकटीच गेली. लातूरहून बस, फाट्यापासून जीप. गाव लहान, पण अप्पाचं घर कुणाला विचारावं लागलं नाही. बाहेर चपलांचा ढीग होता. आत स्वच्छ सारवलेलं अंगण, पडवीत सतरंजी. कपाळाला विभूती लावलेला अप्पा भिंतीला टेकून बसला होता. गोल, भरलेला, तेल लावल्यासारखा चकचकीत चेहरा.

"बर्री, बर्री, बसा माय," कानडीत या-या करत तो म्हणाला. आवाज इतका मऊ की दिपालीला उगीच रडू आलं. त्यानं टाच हातात घेऊन अंगठ्यानं दाबली नेमकी त्या जागी. ती कळवळली.

"लई दिवस सोसलं," अप्पा म्हणाला. त्याच्या बायकोनं पाणी आणून दिलं, आणि पुनम, त्यांची विशीतली लेक, मातकट भुकटीच्या पुड्या मोजून पिशवीत भरू लागली. पैसे म्हणाल ते द्या, असं अप्पानं सांगितलं आणि नोटांकडं पाहिलंही नाही.

"सकाळी खाऊन झालं की मधात घ्यायची. अनशापोटी न्हाई. आन् एक ध्यानात ठिवा," तो पुढं वाकला, "मधीच सोडायची न्हाई. सोडली की दुखणं सूड घेतं."

हे त्यानं धमकी म्हणून सांगितलं नव्हतं. काळजीनंच सांगितलं होतं. तरीही जीपमध्ये बसल्यावर ते वाक्य तिच्या कानात राहिलं.

पहिली पुडी घेतली त्याच्या दुसऱ्याच सकाळी तिनं सवयीनं भिंतीला हात लावला, टाच टेकवली आणि थांबली. काहीच झालं नाही. तिनं पाय उचलून पुन्हा टेकवला. मग जोरात आपटला. आनंदराज दचकून उठून बसला, तर ही अनवाणी अंगणात उभी, हसतेय.

पुढचे काही महिने दिपालीच्या आयुष्यातले सगळ्यात हलके महिने होते. ती गाडीत पुढून मागं झपाट्यानं जायची. एका रविवारी दोघं कंधारच्या किल्ल्यावर गेले आणि ती तटाच्या पायऱ्या न थांबता चढली. आनंदराज खाली धापा टाकत राहिला. भूक तर अशी लागायची की डब्यातल्या तीन भाकरी अहमदपूरलाच संपायच्या. शेजारणी म्हणू लागल्या, "दिपालीताई, तब्येत सुधारली की ओ! गाल कसे भरलेत!" तिनं आरशात पाहिलं. खरंच भरले होते.

तिची आई सरजाबाई किल्लारीला, धाकट्या भावाकडं, नरसिंगकडं राहायची. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावातलं, सरळ गल्लीतलं घर. म्हातारीच्या दोन्ही टाचा कित्येक वर्षं दुखत होत्या. ती तक्रार करायची नाही, फक्त चालायची कमी झाली होती. पुढच्या खेपेला दिपालीनं अप्पाकडून दुप्पट पुड्या आणल्या आणि अर्ध्या आईला नेऊन दिल्या. आठवड्यानं नरसिंगच्या फोनवर सरजाबाईच बोलली, "माय, पोरी, गल्लीच्या टोकापोतर जाऊन आले! लई वर्सांनी."

तेव्हापासून दर महिन्याला किल्लारीची पिशवी ठरलेली.

बिघाड कधी सुरू झाला हे दिपालीला नेमकं सांगता आलं नसतं. झोप उडाली, पण अंगात जोर होता म्हणून तिनं मनावर घेतलं नाही. युनिफॉर्मच्या गुंड्या पोटावर लागेनात आणि हातपाय मात्र काड्यांसारखे होत चालले. तिकिटाच्या मशीनचा पट्टा जिथं घासायचा तिथं निळे डाग उठायचे. हनुवटीवर लव आली. आनंदराज एक दिवस तिचा दंड हातात धरून डागांकडं बघत राहिला.

"काही लागलं होतं का?"

"गाडीत लागतंच."

"त्या पुडीत काय असतं, विचारलंस कधी?"

"जडीबुटी असती," ती म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

मग तिला चेहरे दिसायला लागले. आधी चाकूरला चढणारी एक बाई: चंद्रासारखा गोल, लालसर चेहरा, गळ्यामागं मांसाचा उंचवटा, आणि तिकिटासाठी पुढं केलेला हात बारीक, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. मग माळाकोळीचा एक दुकानदार. मग आणखी कोणी. एकमेकांचे कोणी नव्हते, जात वेगळी, गाव वेगळं, पण तोंडं एका साच्यातून काढल्यासारखी. दिपाली तिकीट फाडायची आणि पुढच्या सीटकडं वळायची. बस सुरू झाल्यावर मात्र काचेत तिला तेच तोंड दिसायचं, आणि ते तिचं स्वतःचं असायचं.

अहमदपूरला एक म्हातारासा माणूस चढला. स्वच्छ पांढरा सदरा, तोच चेहरा. तिकीट घेताना त्यानं तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं आणि ओळखीचं हसला.

"ताई, तुमची टाच का गुडघा?"

दिपालीच्या हातातली नोट तशीच राहिली. "काय?"

"मी गुडघ्याची घेतो. अप्पाची." त्यानं आवाज खाली आणला. "एकच पुडी असती म्हणा सगळ्याला."

तिनं त्याच्या हातात सुटे पैसे ठेवले. पुढं जाऊन उभी राहिली, आणि लातूर येईस्तोवर मागं वळली नाही. त्याची नजर पाठीवर जाणवत होती. त्या नजरेत वाईट काही नव्हतं. नातेवाईक बघावा तसा तो बघत होता, एवढंच.

पुढच्या खेपेला तिनं अप्पाच्या घरात नीट पाहिलं. खल नव्हता. बत्ता नव्हता. कुठं मुळी वाळत घातलेली नव्हती. पाणी घेऊन आली ती अप्पाची बायको, आणि दिपाली तिच्या तोंडाकडं बघतच राहिली. लेक बापासारखी दिसते यात नवल नाही. पण बायको नवऱ्याच्या रक्ताची नसते. मग या तिघांचं तोंड एकच कसं?

"अप्पा," तिनं विचारलं, "टाचेला आन् गुडघ्याला एकच पुडी?"

"दुखणं मुळात एकच हाय माय. जागा बदलती."

"तुम्ही कशापासून करता ही?"

अप्पा लपवाछपवी करेल असं तिला वाटलं होतं. तो सरळ म्हणाला, "मी कुठं करतो? तयार येती. हैदराबादकडनं एक माणूस डबे आणून देतो. मी निस्त्या पुड्या बांधतो." आणि तिचा चेहरा बघून त्यानं छातीवर हात ठेवला. "मी बी घेतो की. घरचे समदे घेतात. मी का माझ्या लेकराला वाईट देईन?"

त्याचा शब्द खरा होता. तिला भीती वाटली ती त्याचीच. तो लबाड असता तर तिला राग आला असता, राग घेऊन घरी जाता आलं असतं.

तिनं पुडी बंद करायचं ठरवलं. सुट्टीच्या दिवशी घेतलीच नाही. दुपारपर्यंत अंग मोडून आलं, संध्याकाळी उलट्या, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी. टाच तर दुखत होतीच, पण टाच आता कुठल्या कुठं राहिली होती. आनंदराज रिक्षा आणायला निघाला तेव्हा तिनं डब्यातली पुडी तोंडात टाकली. तासाभरानं रिक्षा दारात आली तोवर ती उठून केस विंचरत होती.

"काही न्हाई, पित्त होतं," ती म्हणाली. आनंदराजनं रिक्षा परत पाठवली, पण तो तिच्याकडं असा बघत राहिला की तिनं तोंड फिरवलं.

आईला काही सांगायला हवं होतं. पण आई गल्लीच्या टोकापर्यंत चालत होती.

मग पुड्या संपत आल्या. अप्पाचा फोन नुसता वाजत राही. दिपाली रजा टाकून गेली. बाहेर चपला नव्हत्या. अंगण झाडलेलं नव्हतं. अप्पाची बायको खांबाला टेकून बसली होती; तिनं उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बसली. पुनमनं पाणी आणलं, पण तिचा हात इतका कापत होता की निम्मं पाणी दिपालीच्या पदरावर सांडलं.

आत खाटेवर अप्पा पडला होता. तोंड तसंच गोल, पण डोळे आत गेलेले, ओठ कोरडे.

"माणूस आला न्हाई माय," तो म्हणाला. "फोन बी लागंना. पोलिसानं धरलं म्हणतात त्याला कुठंतरी. लोकं येऊन जायलेत, मी काय देऊ?" थोडा वेळ श्वास घेत राहिला. मग त्यानं मान वळवून तिच्या पर्सकडं पाहिलं. "तुमच्यापाशी हाय का एखादी? शिल्लक?"

पर्समध्ये दोन होत्या. शेवटच्या.

"न्हाई अप्पा," दिपाली म्हणाली.

पुनम दारात उभी होती. तीही पर्सकडंच बघत होती. दिपालीनं पर्स काखेत घट्ट धरली आणि तिचं तिलाच ते दिसलं.

"दवाखान्यात जावा अप्पा. आजच्या आज. मी जीप सांगते."

"मी?" अप्पा हसल्यासारखा झाला. "अप्पाला डॉक्टर लागला म्हणतील. मंग कोण येईल हितं? येईल तो माणूस. दोन दिसात येईल."

फाट्यावर जीपची वाट बघताना तिला वाटलं, परत जावं, एक तरी देऊन यावी. जीप आली आणि ती बसली. दोन्ही पुड्या तिनंच घेतल्या, पुढच्या दोन सकाळी.

त्यानंतरच्या दिवशी ती ड्युटीवर गेली ती अंगात ताप असल्यासारखी. अहमदपूर सुटलं. तिकीट फाडता फाडता माणसं लांब गेल्यासारखी दिसायला लागली. आवाज यायचे, पण विहिरीतून आल्यासारखे. घंटीची दोरी डोक्यावर होती आणि हात तिथवर पोचेना. कुणीतरी "मॅडम, मॅडम" म्हणालं. मग तिच्या गालाला गाडीच्या तळाचा पत्रा लागला, थरथरणारा, धुळीनं भरलेला.

खाजाभाईनं गाडी बाजूला घेतली. तिला उचलून मागच्या लांब सीटवर निजवली, तोंडावर पाणी मारलं, आणि गाडीभर ऐकू जाईल असं म्हणाला, "गाडी आता मधी कुठं थांबणार न्हाई. सरळ लातूरला दवाखान्यात. कुणाला उतरायचं असलं तर हितं उतरा." कुणीही उतरलं नाही. चाकूरच्या थांब्यावर हात करणारी माणसं मागं राहिली. एक बाई दिपालीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती कोण होती हे पुढं कधी कळलं नाही.

लातूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर सुमय्या ड्युटीवर होत्या. तरुण, घाईत असलेल्या, पण दिपालीच्या तोंडाकडं पाहिलं आणि घाई थांबली. त्यांनी तिची बाही वर सारली, निळे डाग पाहिले, मानेमागं हात लावला.

"पुडी कुठली घेता?"

दिपालीला जीभ हलवता येईना. खाजाभाईनंच सांगितलं, मान खाली घालून. "मीच पत्ता दिला होता मॅडम."

सलाईन लागली, त्यातून सुई गेली, आणि आनंदराज कंधारहून पोचेस्तोवर ती बोलू शकत होती. डॉक्टर सुमय्यांनी दोघांना समजावलं. त्या भुकटीत स्टेरॉइड असणार. सूज झटक्यात उतरते, दुखणं पळतं, म्हणून माणूस खूश. पण तसाच एक रस शरीर स्वतः रोज बनवत असतं. बाहेरून मिळायला लागला की शरीर बनवणं सोडून देतं. मग पुडी अचानक बंद झाली की रक्तदाब कोसळतो, साखर कोसळते. "आता गोळ्या लिहून देते. त्या हळूहळू कमी करायच्या, मी सांगेन तशा. स्वतःच्या मनानं एक दिवसही बंद करायच्या नाहीत."

अप्पानंही हेच सांगितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. दिपालीनं डोळे मिटले.

"आणखी कोण घेतं घरात?" डॉक्टरांनी विचारलं. "नीट आठवा. त्यांच्याही पुड्या संपल्या असतील."

दिपालीनं डोळे उघडले आणि आनंदराजचा हात पकडला. "माय," ती म्हणाली. "किल्लारी."

आनंदराजनं तिथंच फोन लावला. नरसिंग कारखान्यावर होता. मागं यंत्रांचा आवाज.

"माय? माय झोपलीय," तो म्हणाला. "कालपासून झोपूनच हाय. उठवलं तर हूं म्हनती न् परत डोळे मिटती. उनानं अशक्तपणा आला असंल म्हनून साखरपाणी दिलं..."

"नरसिंग, गाडी कर. आत्ता. लातूरला सरकारी दवाखान्यात घेऊन ये. डॉक्टर इथं उभ्या आहेत."

"एवढं काय झालं भाऊजी?"

"आधी निघ. गाडीत बसून फोन कर."

ती संध्याकाळ दिपालीनं दाराकडं बघत काढली. खाजाभाईही गेला नव्हता. बाहेर व्हरांड्यात तो भाभीच्या पोराशी फोनवर बोलत होता. "हां, घेऊन जा उसको. नांदेडला. नहीं, कल नहीं. आज." प्रत्येक स्ट्रेचरच्या चाकाचा आवाज आला की दिपाली उठून बसायची आणि नर्स तिला परत निजवायची. शेवटी सरजाबाई आली ती नरसिंगच्या हातांवर, घडी केलेल्या गोधडीसारखी. तोंड तेवढं गोल आणि मोठं, बाकी देह लेकराएवढा. डॉक्टर सुमय्या धावत आल्या. पडदा ओढला गेला.

नरसिंग पडद्याबाहेर उभा राहिला. बहिणीकडं त्यानं पाहिलं नाही. पडद्याकडंच बघत म्हणाला, "मला म्हनली टॉनिक हाय. तू आणून देतीस म्हनून म्या विचारलं न्हाई."



सरजाबाई वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं डोळे उघडले, लेकीला ओळखलं, सलाईनच्या नळीकडं बघितलं. ओठ हलले म्हणून दिपालीनं कान जवळ नेला.

"पुडी आणलीस का?" म्हातारीनं विचारलं.

दोघींना घरी सोडलं तेव्हा गोळ्यांची पाकिटं होती आणि कुठल्या आठवड्यात किती हे डॉक्टरांच्या अक्षरात. आनंदराजनं विचारायच्या आधीच दिपालीनं त्याला अप्पाच्या घरची गोष्ट सांगितली, पर्समधल्या दोन पुड्यांसकट. त्यानं ऐकून घेतलं. रविवारी सकाळी खाजाभाईला घेऊन तो शिरूर अनंतपाळकडं गेला. अप्पाला आणि घरच्यांना उचलून दवाखान्यात आणायचं, असं ठरवूनच गेले होते.

दाराला कुलूप होतं. शेजारच्या माणसानं सांगितलं, अप्पा गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही. मातीला लई माणूस होता. बायकोला आणि पुनमला बायकोचे भाऊ कर्नाटकात घेऊन गेले. कुठल्या गावाला? बिदरच्या पुढं कुठंतरी. फोन नंबर? तो अप्पाकडंच असायचा.

"दोघी लई खंगल्या होत्या," शेजारी म्हणाला. "दुःखानं. जेवण जात नव्हतं, सारखी उलटी."

आनंदराजनं त्याला सगळं सांगायचा प्रयत्न केला, की ते दुःख नव्हे, त्यांना डॉक्टर पाहिजे, कुणालातरी कळवा. शेजारी ऐकत राहिला आणि मग त्याचा चेहरा आवळला. "देव माणूस होता तो," त्यानं बजावलं. "मेल्यावर तरी त्याला नावं ठिवू नका." आणि आत गेला.

डॉक्टर सुमय्यांनी वर कळवलं. दोन अधिकारी येऊन दिपालीकडून माहिती घेऊन गेले. बिदरच्या पुढचं गाव त्यांनाही सापडलं नाही.

गोळी कमी होत गेली तशी टाच परत आली. पहिल्या सकाळी कळ पोटरीपर्यंत चढली तेव्हा दिपाली पलंगाच्या कडेवर बसून राहिली, आणि आनंदराजनं टॉवेल आणून तिच्या चवड्याला अडकवला. या वेळी तिनं सोडलं नाही. रोज उतरायच्या आधी ओढायचा, भिंतीशी पोटरी ताणायची, संध्याकाळी गोठवलेली बाटली. घरात मऊ चप्पल, विहारातही जाड मोजे. डेपोत रीतसर अर्ज दिला, रांगेत थांबली, आणि काही महिने टेबलाचं काम मिळालं. दुखणं कणाकणानं उतरत गेलं, एक दिवस कमी, दोन दिवस जास्त. सरजाबाई पुन्हा घरापुरतीच चालायला लागली. नरसिंग फोन उचलायचा, पण आईच्या हातात देऊन निघून जायचा.

दिपाली गाडीवर परतली तेव्हा तिच्या चेहऱ्याची सूज पुष्कळशी उतरली होती. ती प्रत्येक थांब्यावर चढणारी तोंडं बघायची. माळाकोळीचं ते दुकान बंद होतं. अहमदपूरचा पांढऱ्या सदऱ्याचा माणूस पुन्हा कधी चढला नाही. तिला त्याचं नावही माहीत नव्हतं, कुणाला विचारणार?

आणि एक दिवस चाकूरला ती बाई चढली. तोच चेहरा, आणखी गोल झालेला. दिपालीचा जीव भांड्यात पडला, बाई जिवंत होती. तिकीट देऊन दिपाली तिच्या शेजारी टेकली आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. अप्पा, भुकटी, आई, सलाईन. "अचानक सोडू नका," ती म्हणाली. "पण लातूरला डॉक्टरांकडं चला. मी येते संगं."

बाई खिडकीबाहेर बघत ऐकत होती. शेवटी तिनं मांडीवरच्या पिशवीवर हात ठेवला.

"मला कुठं बंद झाली?" ती म्हणाली. "आता दुसरा माणूस देतो. अप्पापेक्षा गुणाची हाय ही."

"ताई, कोण देतो? कुठं?"

बाई उत्तर न देता उठली. लातूर अजून लांब होतं, तिकीटही लातूरचं होतं, तरी तिनं मधल्याच एका फाट्यावर गाडी थांबवायला लावली. दिपाली तिच्या मागं दारापर्यंत गेली, डॉक्टरांचं नाव दोनदा ओरडून सांगितलं. बाईनं वळून पाहिलं नाही. पिशवी छातीशी धरून ती उन्हात कच्च्या रस्त्यानं निघाली, पूर्ण टाच टेकवत, जराही न लंगडता, तरण्या पोरीसारखी झपझप.

खाजाभाईनं गाडी तशीच उभी ठेवली होती. मागून हॉर्न वाजायला लागले, तेव्हा दिपालीनं दोरी ओढून डबल बेल दिली.